आतला पीस

भावेश गेला तेव्हा मी रडले नाही, याचं घरातल्या सगळ्यांना फार वाईट वाटलं. रडणारी सून सांभाळायला सोपी असते. पाणी द्यायचं, पाठीवरून हात फिरवायचा, झालं. मी नुसती भिंतीला टेकून बसून राहिले. समाचाराला आलेल्या बायका गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून पंख्याकडे बघत बसायचे. पंखा पुसायला झालाय, एवढंच डोक्यात यायचं. दुःख येईल, येईल म्हणून मी वाट बघत होते. ते आलंच नाही. त्याच्या जागी काहीच आलं नाही.

भावेश माझा नवरा. गावच्या मैदानावर टेनिस बॉलची मॅच खेळताना बाउंड्रीवर खाली बसला आणि मग आडवा झाला. मला फोनवर कोणीतरी म्हणालं, "जरा लागलंय त्याला, या तुमी." तेव्हापासून आजपर्यंत मला कोणी काही सरळ सांगितलेलं नाही.

आता धाकट्या दिराचं, हृतिकचं, लग्न आहे. आमच्याकडे घरात मयत झालं की ठरलेलं लग्न एक तर वर्षाच्या आत उरकायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं. मुलगी उरणची, दिपिका नाव. तीन वर्षं कोण थांबणार? सासूबाईंनी, म्हणजे भामाआईंनी, तारीख धरली. गावात दबक्या आवाजात बोलले लोक, एवढी घाई कशाला म्हणून. मला घाई काय आणि उशीर काय, दोन्ही सारखंच होतं. पत्रिका छापून आल्या तेव्हा त्यांना हळदकुंकू लावायला बायका बसल्या. मी चहा केला.

आमच्या आगरी लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला माणूस आला नाही तर चालतं, हळदीला आला नाही तर पुढच्या पिढीपर्यंत लक्षात ठेवतात. मी या घरात आले तेव्हा हृतिक कॉलेजात होता. माझ्या हातचं सुकट चाटूनपुसून खायचा आणि म्हणायचा, "वयनी, माझ्या हळदीला पयला हात तुझा. नायतर मी पाटावर बसनारच नाय." भावेश त्याला म्हणायचा, आधी पास हो.

आता पाच सवाष्णी कोण कोण, याची चर्चा स्वयंपाकघरात चालते आणि मी आत पाऊल टाकलं की विषय कांद्याच्या भावावर जातो. एकदा गेला, दोनदा गेला, मी समजून घेतलं. पण कांद्याचे भाव इतके काही वरखाली होत नव्हते. मला बोलवाच, असा माझा हट्ट नव्हता. विधवेला हळदीला बोलावत नाहीत, हे मला माहीत आहे, मी काही आभाळातून पडलेली नाही. नको असेल तर नको म्हणा. पण म्हणा. माझ्या तोंडावर कोणीतरी म्हणा. या तोंड दाबून बुक्क्यांच्या माराला मी कंटाळले होते.

तेवढ्यात चाकूचं निघालं. हळद लागली की नवऱ्याच्या हातात चाकू द्यायचा, टोकाला लिंबू खोचायचं, आणि अक्षता पडेपर्यंत तो चाकू त्याच्यापासून लांब करायचा नाही. नजर लागू नये, बाहेरचं काही बाधू नये म्हणून. आमच्या घरातला चाकू भावेशच्या लग्नातला होता, तो भामाआईंनी खाडीत टाकून दिला होता. नवा आणायचा होता. घडीचाच हवा, म्हणजे रात्री मिटून उशाखाली ठेवता येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे गुडघे दुखतात, आणि मला भाव करता येतो. म्हणून हृतिकबरोबर पनवेलला मला पाठवलं. कामाला मी चालते.

बाजारात आशालताबाईंचं दुकान आहे. अडकित्ते, कात्र्या, विळ्या, नारळ खवायच्या खवण्या, सगळं काचेमागे लटकवलेलं. बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. हृतिकनं सांगितलं, नवऱ्याचा चाकू पाहिजे, घडीचा. त्यांनी काचेमागून दोन काढले आणि गल्ल्यावरच्या लाल कापडावर ठेवले.

एक लाकडी मुठीचा होता, दोन्ही टोकांना पितळ, मुठीवर वेलबुट्टी. दुसरा साधा, काळ्या मुठीचा, पात्याच्या बुडाशी एक छोटी पट्टी. वीस-तीस रुपयांचा फरक.

"लाकडी जास्त जातो," बाई म्हणाल्या. "फोटो चांगला येतो. काळ्याला लॉक आहे."

हृतिकनं दोन्ही हातांत घेऊन बघितले. हा घेऊ की तो, त्याचं ठरेना. आईला व्हिडिओ कॉल लावला. भामाआई म्हणाल्या, लाकडीच बरा दिसतोय, आणि त्यांच्यामागून हृतिकची आत्या म्हणाली, काला नको. हृतिकनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "तू सांग, वयनी. मला काय कलत नाय."

मला खरं तर सांगायचं नव्हतं. चाकू कुठला घ्यावा यानं माझ्या आयुष्यात काडीचा फरक पडत नव्हता. पण माणूस विचारतो तेव्हा उत्तर द्यावं लागतं. मी बाईंना म्हटलं, "लिंबू हाय का?"

दुकानाच्या पायरीवर एक भाजीवाली बसते, बाईंनी तिच्याकडून दोन लिंबं मागवली. मी लाकडी चाकू उघडला, टोकाला लिंबू धरलं आणि जरा दाबलं. पातं मागे वळलं आणि माझ्या बोटांवर मिटायला आलं. बोटं कशीबशी काढली मी.

"बघितलंस?" मी हृतिकला म्हटलं. "ह्यो हातात घेऊन तू डीजेपुढं नाचनार. चार पोरं तुला खांद्यावर घेनार. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा."

हृतिक हसला. बाईही हसल्या. मी काळा चाकू घेतला. उघडला तेव्हा टक असा आवाज झाला आणि पातं जागच्या जागी बसलं. लिंबू खोचलं, दाबलं, मनगट हलवून बघितलं. पातं तसूभर हललं नाही. मिटायचं तर ती छोटी पट्टी दाबायची. दोनदा उघडून मिटून मी त्याला दाखवलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी बरं वाटलं. फार नाही, थोडंसं. मी अजून कामाची आहे, इतपत.

"ह्योच घे," मी म्हटलं.

"ह्योच द्या," हृतिक बाईंना म्हणाला. "लॉकवाला."

मी लिंबू खोचलेला चाकू तसाच त्याच्यापुढे धरला. त्यानं हात पुढे केला नाही. तो बाईंकडे बघत म्हणाला, "आतला पीस द्या."

आता यात वावगं काही नाही. कोणीही म्हणतं. साडी घेतली तरी आपण म्हणतो, वरची नको, घडीतली द्या. मीसुद्धा तसंच समजले.

बाई म्हणाल्या, "लॉकवाला एवढाच आहे. पुढचा माल दिवाळीनंतर."

"नवा नाय?"

"हाच नवा आहे. आत्ताच तर काचेतून काढला. स्पिरिटनं पुसून देते, लिंबाचा डाग राहणार नाही."

"डागाचं नाय ओ, मावशी," हृतिक म्हणाला.

त्याचे कान लाल झाले. लहानपणापासून त्याचे कान लाल होतात म्हणे, भावेश सांगायचा.

मी हातातल्या चाकूकडे बघितलं. चाकूला लिंबू मी खोचलं होतं. त्याच्या हातात मी द्यायला निघाले होते. जे हळदीच्या दिवशी एखाद्या सवाष्णीनं करायचं, ते मी बाजारात, आशालताबाईंच्या गल्ल्यावर, नकळत करून बसले होते. मला खरंच सुचलं नव्हतं. त्याला सुचलं होतं.

"लाकडीचे आत आहेत का?" त्यानं विचारलं.

"आहेत की. पॅक बॉक्समध्ये. पण अहो, तो मिटतो, आत्ताच बघितलंत ना?"

"चालंल."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या कपाळाकडे. मग त्यांनी मागच्या कप्प्यातून लाकडी चाकूचा खोका काढला. मी काळ्या चाकूचं लिंबू काढलं, पट्टी दाबून तो मिटवला आणि लाल कापडावर ठेवला. हृतिकनं खोका खिशात घातला. मी भाव केला नाही. बाईंनी आपणहून दहा रुपये कमी केले.

गाडीत बसलो. पुलाखाली गाड्यांची रांग लागली होती, सरकायचं नाव नाही. हृतिकनं गाणं लावलं आणि लगेच बंद केलं. एसी वाढवला, कमी केला. मी खिडकीबाहेर बघत होते. मला राग आला नव्हता, वाईटही वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं, नेहमीसारखं. मनाशी म्हटलं, चला, कळलं एकदाचं. चाकूनं सांगितलं. घरातल्या जित्या माणसांनी नाही सांगितलं ते चाकूनं सांगितलं.

त्यानं असंच गप्प बसायला हवं होतं. पण गोड बोलून मिटवायची सवय त्या घरात सगळ्यांनाच आहे.

"वयनी," तो म्हणाला, "हळदीला वड्यांचं पीठ तूच मळ हां. आई पन म्हने, तुझ्या हाताची चव कोनाच्या हाताला नाय."

आणि मग माझ्या आत काहीतरी पेटलं. मला आधी कळलंच नाही काय होतंय. छातीत गरम झालं, कानांत ठोके ऐकू यायला लागले. मला वाटलं, भावेशला झालं तेच मला होतंय. पण तो राग होता. नुसता, सरळ राग. भावेश गेल्यापासून एवढं जोरात काही आलं ते पहिल्यांदाच.

"कुठल्या हाताची?" मी म्हटलं.

त्यानं एसीचं बटण परत फिरवलं.

"सकाळी भाकर कोनाच्या हातची खाल्लीस?"

"तसं नाय गो, वयनी."

"मग कसं?"

पुढची गाडी सरकली. मागच्यांनी हॉर्न वाजवले. तो थोडा पुढे गेला आणि परत थांबला.

"आईक, हृतिक," मी म्हटलं. "मी वडे करनार नाय. मी तुला हळद लावनार. पयला हात नको, शेवटचा चालंल. सगल्या बाया लावून गेल्या की लावीन. चालतंय का ते मला सांग. आईला इचारू नको. आत्याला इचारू नको. मी तुला इचारतेय."

त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. मला ठाऊक होतं की तो म्हणेल, बघू. म्हणेल, आईशी बोलतो. म्हणेल, तू टेन्शन नको घेऊ. आमच्या घरातली सगळी माणसं तेच म्हणाली असती.

"नको, वयनी," तो म्हणाला.

पुढची गाडी सरकली, त्यानं आपली सरकवली नाही.

"मला भ्या वाटतं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "दादा माझ्यापेक्षा तगडा व्हता. तो असा गेला. मला रात्री झोप नाय येत. मला कायपन व्हायला नको. दिपिकाला..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "तू हात नको लावूस. माफ कर मला. पन नको."

मला लागलं. फार लागलं. या मुलाचे मी शर्ट इस्त्री केले होते, त्याच्या नापासाच्या वर्षी त्याला घरातून पळून जाण्यापासून थोपवलं होतं, आणि तो माझ्या हाताला घाबरत होता. मला रडू फुटलं. ते काही दिसायला चांगलं नव्हतं. नाक, तोंड, पदर, सगळं ओलं. मी भावेशसाठी रडत होते, माझ्यासाठी रडत होते, आणि या मूर्ख, घाबरलेल्या पोरासाठीही रडत होते. तोही रडत होता. मागून हॉर्न वाजतच होते.

थोड्या वेळानं मी पदरानं तोंड पुसलं. "गाडी बाजूला घे."

"कशाला?"

"नेऱ्याच्या मिनीडोर रिक्षा तिकडं उभ्या असतात. मी आईकडं जाते."

नेरे माझं माहेर. भावेश गेल्यापासून मी तिकडे एकदाही राहायला गेले नव्हते. सासरी वाईट दिसेल म्हणून. त्यानं गाडी बाजूला घेतली. मी उतरले, पर्स घेतली, दार लावायला लागले.

"कधी येशील?"

"लग्न झाल्यावर. बघू."

"वयनी, हळदीच्या तोंडावर तू गेलीस तर गाव काय म्हनंल? आईला मी काय सांगू?"

मी खिडकीशी वाकले. त्याचे डोळे सुजले होते, अगदी भावेशसारखे दिसत होते, आणि मला त्याचा राग यायचा थांबला होता. तो एकटाच माझ्याशी खरं बोलला होता.

"मला सांगितलंस तसं सांग," मी म्हटलं. "रंजिताला हळदीला नको म्हटलं, म्हनून ती गेली. असंच. तोंडावर. त्या चाकूचं पातं अंगठ्यानं दाबून धर, नायतर बोटं कापशील."