खुनी न सांगण्याची अट

शेषेराव गुरुजी रहस्यकथा वाचायचे ते गणिताच्या मास्तरांच्या रीतीनं. आधी शेवटचं पान उघडून उत्तर बघायचं आणि मग पहिल्या पानापासून लेखकानं ते बरोबर सोडवलंय का, ते तपासत जायचं. एवढ्यानं कुणाचं काही बिघडलं नसतं. पण पुस्तक परत करायला निलंग्याच्या वाचनालयात आले की तिथं बसलेल्या सगळ्यांना ते निकालही सांगून टाकत.

एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर ईश्वरप्पा एकदा उदगीरला लेकीकडं निघाले होते. वाटेत वाचायला म्हणून त्यांनी एक जाडजूड कादंबरी घेतली. गुरुजींनी त्यांना दारातच खुनी सांगितला, आणि वर मधली शंभर पानं सोडली तरी चालतील असा सल्लाही दिला. ईश्वरप्पा उदगीरपर्यंत खिडकीबाहेर बघत गेले, आणि पुढं कितीतरी दिवस त्यांनी गुरुजींचा नमस्कार घेतला नाही.

अशा माणसानं वाचनालयाच्या सुमनबाईंकडं एक मागणी केली. दर शनिवारी दुपारी मागची खोली मुलांसाठी द्यावी, गुरुजी त्यांना वाचून दाखवतील आणि वाचायला शिकवतील. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुजींना घरात करमत नव्हतं. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरलासुद्धा ते शिकवायला लागले आहेत, असं त्यांची सून म्हणे. सुमनबाईंना मुलं हवीच होती, पण असलेले वाचक घालवायचे नव्हते. त्यांनी अट घातली. महिन्याच्या शेवटी वाचकांची बैठक असते, तिथं गुरुजींनी नव्या रहस्यकथांवर बोलावं. एकही खुनी न सांगता बोलून दाखवलं तर खोली गुरुजींची. सांगितला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

बैठकीला नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. गुरुजी कुठं घसरतात ते बघायलाच बरीच आली होती. ईश्वरप्पा पहिल्या रांगेत बसले ते दोन्ही हात कानांजवळ तयार ठेवून. गुरुजींनी गल्लीतली मुलंही गोळा करून आणली होती, ती पुढं सतरंजीवर बसली.

सुरुवात छान झाली. पहिल्या कादंबरीला गुरुजींनी दहापैकी चार गुण दिले. त्यातल्या इन्स्पेक्टरच्या मोबाइलला प्रेमाच्या वेळी भरपूर रेंज असते आणि गुंड मागं लागले की ती नेमकी जाते, ही त्यांची तक्रार होती. दुसरीला तर दोनच दिले. अख्ख्या पुस्तकात सगळ्यांवर संशय घेऊन शेवटी भलत्याच नव्या माणसाला आणून उभं करायचं, म्हणजे न शिकवलेला धडा पेपरात विचारण्यासारखं झालं, असं ते म्हणाले. कुठल्या माणसाला, असं ईश्वरप्पांच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांनी स्वतःच घाईनं कान झाकले. गुरुजींनी मात्र पाण्याचा घोट घेतला आणि तिसऱ्या पुस्तकाकडं वळले.

हे त्यांचं आवडतं होतं. एका लॉजच्या मालकाचा त्याच्याच खोलीत खून होतो. संशय तिघांवर, मालकाचा भाचा, गावातला डॉक्टर आणि लॉजचा मॅनेजर. स्वयंपाकाच्या काशीबाई शेजारच्याच खोलीत होत्या, पण त्या ठार बहिऱ्या, त्यांनी काहीच ऐकलं नाही. लेखकाची भाषा किती साधी आहे ते दाखवायला गुरुजींनी एक परिच्छेद वाचला. त्यात काशीबाई अंगणात पाठमोऱ्या बसून लसूण सोलत होत्या. कुकरची तिसरी शिट्टी झाली तशा त्या पदर खोचत आत पळाल्या आणि गॅस बंद केला. लॉजभर डाळीचा वास सुटला.

मागून भुजंगचा आवाज आला. भुजंग मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि शाळेत गुरुजींच्याच हाताखाली शिकला होता.

"गुरुजी, डॉक्टरच असंल बघा."

भुजंगनं भाचा म्हणून पाहिलं, मॅनेजर म्हणून पाहिलं. गुरुजींचा चेहरा दगडासारखा. सुमनबाईंनी घड्याळाकडं पाहिलं आणि मागच्या खोलीची किल्ली पर्समधून काढून टेबलावर ठेवली.

तेवढ्यात सतरंजीवरून एक हात वर झाला. सातवीतली धम्मप्रिया उठून उभी राहिली.

"गुरुजी, त्या आज्जी बहिऱ्या हायत ना? मग पाठ फिरवून बसल्यावर शिट्ट्या कशा मोजल्या?"

गुरुजींनी एकदा किल्लीकडं पाहिलं. काहीच बोलायचं नव्हतं, नुसतं पुढच्या मुद्द्यावर जायचं होतं. पण पोरगी उभीच होती. त्यांचं उत्तर येईना तशी तिची मान हळूहळू खाली जायला लागली, आपलं काहीतरी चुकलं असं वाटून ती बसायला लागली. बरोबर उत्तर दिलेलं लेकरू असं बसताना गुरुजींनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"बसू नकोस," ते म्हणाले. "बरोबर आहे तुझं. शाब्बास."

ईश्वरप्पांनी कानावर हात नेले, पण उशीर झाला होता.

"अहो गुरुजी, निम्मं झालं होतं माझं ते पुस्तक," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "त्या काशीबाईची मला लई कीव यायची."

सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. चूक कबूल आहे, अट मोडली, असं म्हणून त्यांनी किल्ली उचलून सुमनबाईंच्या हातात दिली आणि मुलांना चपला घाला म्हणाले.

सुमनबाई मात्र किल्ली हातात घेऊन धम्मप्रियाकडंच बघत होत्या.

"मी दोनदा वाचलं हे पुस्तक," त्या म्हणाल्या. "शिट्टी ध्यानात आली न्हाई माझ्या. हिला कुणी शिकवलं?"

मीच, गल्लीत ओट्यावर बसवून, असं गुरुजी म्हणाले.

सुमनबाईंनी थोडा विचार केला. मग त्यांनी किल्ली परत गुरुजींपुढं सरकवली आणि अट बदलली. दर शनिवारी तीन वाजता मुलांपुढं वाटेल ते बोला, मोठ्यांपुढं तोंड उघडायचं न्हाई. मोठ्यांनी यावर लगेच टाळ्या वाजवल्या.

मंडळी पांगली तेव्हा ईश्वरप्पा कपाटाशी उभे होते. गुरुजींनी अजून हात न लावलेलं एखादं पुस्तक द्या, असं ते सुमनबाईंना विनवत होते. सुमनबाईंनी सगळे कप्पे धुंडाळले आणि शेवटी त्यांच्या हातात पपईच्या लागवडीवरचं पुस्तक दिलं. ईश्वरप्पांनी ते पिशवीत घातलं आणि गुरुजी तिकडं यायच्या आत ते मागच्या दारानं बाहेर पडले.