पोपटाची शेपटी

जरा श्वास रोखून धरा, कारण दानेश्वरीमावशी आत्ता सुईने झाकणाला भोकं पाडते आहे. बोटाएवढी काचेची कुपी, तोंडावर चांदीसारखा कागद, अंगावर मावशीच्या नावाची चिठ्ठी, आत पिवळसर द्रावण. धक्का लागला तर सगळं वाया जाईल. तुम्ही तिच्या भाचीच्या, सौंदर्याच्या शेजारी, प्रयोगशाळेच्या काचेबाहेर उभे आहात असं समजा. पारा विषारी, म्हणून मुलांनी बाहेरूनच पाहायचं.

कुपी रिकामी होती तेव्हा सौंदर्याने तिच्यावर पोपटाचं स्टिकर लावलं होतं. स्टिकर सोलताना शेपटी फाटून मागच्या कागदावरच राहिली. तो कागद तिने वहीत जपून ठेवला.

"पाऱ्याला गंधक लई आवडतंय," मावशी बाहेर येऊन म्हणाली. "एकदा धरलं की सोडत न्हाय. कसं धरतंय, त्येच बघायचं हाय मला."

त्यासाठी द्रावण हळूहळू उडून स्फटिक वाढायला हवा होता. मग त्यावर क्ष-किरण सोडले की आतल्या अणूंची मांडणी कळणार होती. मावशीच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढ्यावर अडलं होतं. आधी चार वेळा नुसती भुकटीच मिळाली होती. या वेळी एकोणीस दिवसांनी तळाशी मिठाच्या खड्याहून लहान, लखलखीत स्फटिक दिसला.

मावशीने कुपीचा फोटो काढून लगेच राजवर्धनला पाठवला. तो चंदगडचा, तिच्याच सरांकडे संशोधन करणारा. रोज तिच्या डब्यातली अर्धी शेंगाचटणी त्याचीच. क्ष-किरणांचं यंत्र परगावी होतं. तो तिकडे निघालाच होता, म्हणून कुपी तिने त्याच्या हातात दिली.

तीन दिवसांनी तो मान खाली घालून आला. बस आदळली, स्फटिकाचा चुरा झाला, म्हणाला. मावशीनेच त्याची समजूत काढली आणि पुन्हा द्रावण करायला घेतलं.

पाच महिन्यांनी विद्यापीठात संशोधनाच्या पोस्टरांचं प्रदर्शन लागलं. शाळा सुटल्यावर सौंदर्याही मावशीबरोबर दप्तरासकट गेली. राजवर्धनच्या पोस्टरवर मधोमध पाऱ्याचा करडा गोळा होता, त्याला धरून गंधकाचे दोन पिवळे. वर दोन नावं, त्याचं आणि सरांचं. कोपऱ्यात कुपीचा फोटो. त्यातला मावशीच्या नावाच्या चिठ्ठीचा तेवढा भाग कापलेला. पोपट मात्र राहिला होता, बिनशेपटीचा.

"दादा, ह्यो स्फटिक तर फुटलाता न्हवं?" सौंदर्याने विचारलं.

"त्यो येगळा, बाळ," राजवर्धन हसला. "कुप्या समद्या सारख्याच दिसत्यात की."

डब्याची पिशवी मावशीने या हातातून त्या हातात घेतली. आजही त्यात दोन भाकऱ्या जास्त होत्या.

सौंदर्याने दप्तर खाली ठेवून वही काढली. कागदावरची शेपटी नखाने अलगद सोडवली, टाचा उंचावल्या, आणि त्या दोन नावांच्या पुढे, जिथे तिसरं बसलं असतं तिथे, ती अंगठ्याने दाबून चिकटवली.