परातीतलं छत

माझे सासरे दत्तात्रेय एकदा हट्टाला पेटले की देवसुद्धा हात टेकेल. "मना ते छत बगाचाय," एवढंच महिनाभर चाललं होतं. अहो, पण बघणार कसं? मिठागरात जन्मभर वाकून पाठ अशी धरलीय की मान वर होतच नाही. उभे राहिले की त्यांना फक्त जमीन दिसते.

छत म्हणजे रेवसच्या वाटेवरच्या जुन्या कलासंग्रहालयाचं. माझ्या सासूबाई, सगुणा, लग्नाआधी तिथल्या दुरुस्तीत परांचीवर चुन्याची घमेली पोचवायच्या. पुढे बाबा मिठागरातून दमून आले की त्यांना त्या वरच्या नक्षीचं वर्णन ऐकवायच्या, आणि रोज त्यात काहीतरी नवं निघायचं. वेलीत पोपट, शिडाची होडी, लाजणारा हत्ती. बाबा म्हणायचे, थापाडी आहेस. मागच्या माघात सासूबाई गेल्या आणि बाबांनी ध्यासच घेतला. तिनं पाहिलं ते एकदा बघायचं.

शेवटी गेले घेऊन. खिडक्यांच्या रंगीत काचांचा उजेड फरशीवर पडला होता, बाबा तोच बघत उभे. मग म्हणाले, "हेमाली, परातीत पानी आन गो. मिठागरात मी सगलं आभाल पान्यातच बगलंय."

बाहेरच्या चहावाल्याकडून परात आणली, वरचं प्रतिबिंब उठून दिसावं म्हणून तळाला काळी पिशवी अंथरली आणि पाणी भरलं. तर पहारेकरी रितेश आडवा आला. आत पाणी चालत नाही म्हणे.

"सांडलं तर माझ्या ओढणीनं पुसेन, पण हे बघितल्याशिवाय आम्ही हलत नाही," मी त्याला झापलं. बिचारा स्वतःच परात धरून खाली बसला.

पाणी स्थिर झालं आणि त्यात छत उतरलं. चुन्यातल्या पांढऱ्या वेली, द्राक्षांचे घोस, मधोमध कमळ. एक पोपट. बस्स. मी मान वर करून कोपरान् कोपरा शोधला. म्हाताऱ्याला कशाला आणलं मी इथं?

"होडी, हत्ती मागाहून दुरुस्तीत कुणी काढून टाकले असतील, बाबा," मी म्हणाले.

"न्हाय गो." त्यांचे खांदे हलत होते. रडत होते आणि हसतही होते. "मी दमून यायचो ना, म्हनून रोज कायतरी नवं घालायची. हत्ती हितं कदी न्हवताच. तो माझ्या एकट्यासाठी व्हता."