आधी तिच्या दारात

आमच्या थोरलीचे लग्न झाले त्या वर्षी नगरपालिकेची निवडणूक लागली. लग्नाचे पाहुणे अजून घरातच होते, तोच माझे दीर धापा टाकत दारात उभे.

"दादा, भोंगे चढव गाडीवर! अर्ज मंजूर झाला माझा!"

आमचे हे भोंगेवाले. सभा असो, हरवलेले मूल असो की चर्चच्या उपासनेचे आमंत्रण, सगळे यांच्याच आवाजात गावभर जायचे. गाडीच्या टपावर दोन कर्णे, आत हे माइक धरून आणि मागे बॅटरी सांभाळायला मी. दुकान बाजाररस्त्यावर होते, आणि भांडणही त्या रस्त्याचेच होते. समोरच्या पक्षाकडून उभ्या होत्या नर्सबाई. दवाखान्यातून नुकत्या निवृत्त झालेल्या. त्यांचे म्हणणे, रस्ता अरुंद आहे, आजारी माणसाची गाडी अडकते, म्हणून एका बाजूची दुकाने पाडा. दीर म्हणत, एकही वीट हलू देणार नाही. ती बाजू आमची होती. दीर पडले तर दुकान गेलेच.

मला तर नुसता चेव चढला होता. बॅटरीवर बसल्या बसल्या मीही घोषणा ठोकायचे. मग हे माइकवर तळवा ठेवून म्हणायचे, "अगं, वर कर्णे आहेत ना! त्यांना काम करू दे."

यांची एक खोड होती. विरोधकाबद्दल जे बोलायचे, ते आधी त्याच्या दारात जाऊन, भोंगा बंद ठेवून, तोंडावर म्हणून बघायचे. दारात जमले तरच चौकात. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेण्याआधी ज्याच्याशी वाजले असेल त्याच्या घरी जाऊन यायचे, ही सवय यांना लहानपणापासून. तीच त्यांनी धंद्यात आणली.

पहिल्याच दिवशी गाडी नर्सबाईंच्या दारात.

"नर्सबाई, तुमचा रस्ता म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय, असं बोलणार आहे आज."

"बोला की. पण जरा मोठ्याने बोला. आत माझी बहीण आहे, तिला ऐकू कमी येतं."

"बरं."

"आणि मी म्हणणार, या माणसाला स्वतःच्या दुकानापलीकडे काही दिसत नाही."

"म्हणा. चहा होईल का?"

रोज असेच. आमच्या पक्षाची पोरे कपाळाला हात लावायची. पण यांच्या आवाजाला लोक जमायचे, म्हणून गप्प बसायची.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दुपारी दीर दुकानात आले. सोबत पक्षाचे दोघे. चेहरे असे फुललेले, जणू जिंकूनच आलेत.

"दादा, संध्याकाळच्या सभेत एवढं एकच वाक्य टाक. दवाखान्यात तिच्या हातून बाळ गेलं होतं. बास."

"खरं आहे?"

"गेलं होतं ना बाळ! मग खोटं काय त्यात?"

"कशाने गेलं?"

"ते कशाला सांगायचं? लोक काय समजायचं ते समजतील."

मी मध्ये पडले. "म्हणून टाका हो. एका वाक्यात दुकान वाचतंय."

यांनी माइक पुसला, गाडीची किल्ली घेतली. "दारात जाऊन येतो."

"आत्ता?" दीर किंचाळले. "दादा, चौक भरत आलाय!"

"मग जोरात चालवतो."

दीर धावत येऊन मागे माझ्याशेजारी बॅटरीवर आदळले. गाडी अशी सुटली की कर्णे खडखडायला लागले. मला हसू येत होते.

नर्सबाई हाताचा साबण पुसत बाहेर आल्या. हे समोर उभे राहिले. तोंड उघडले, मिटले. पुन्हा उघडले.

"नर्सबाई, तुमच्या हातून…"

पुढे काही येईना. गाडीतून दीर दबक्या आवाजात म्हणाले, "म्हण ना!"

नर्सबाईंनी यांच्याकडे पाहिले, मग गाडीकडे. "बाळाचं बोलायचंय का?"

यांनी मान हलवली.

"सातव्या महिन्यात आलं होतं. मावेल ओंजळीत एवढं. आई बेशुद्ध होती. त्याला ऊब हवी म्हणून छातीशी धरून बसले होते. उजाडताना गेलं." त्या थांबल्या. "म्हणा काय म्हणायचं ते. सभेला उशीर होतोय तुम्हाला."

"जीभ वळत नाही, बाई," हे म्हणाले.

परतताना दीर खाली मान घालून होते. चौक आला तेव्हा म्हणाले, "दादा, ते राहू दे. नुसतं माझं नाव घे."

पण तोवर त्यांच्याच माणसांनी गर्दीत कुजबुज पेरून ठेवली होती. हे व्यासपीठावर चढले तशा शिट्ट्या सुरू झाल्या. कोणीतरी ओरडले, "बाळाचं सांगा! बाळाचं!" मग सगळा चौकच ओरडायला लागला.

"हॅलो," हे म्हणाले. चौक गप्प.

"नर्सबाईंना मत देऊ नका. मी देणार नाही. रस्त्याबाबत त्यांचं चुकतंय, साफ चुकतंय, आणि हे मी रोज त्यांच्या दारात सांगून आलोय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही उभी राहून वाजवल्या.

"आता बाळाचं. जे बाळ जगणार नव्हतं, त्याला त्या बाईंनी शेवटपर्यंत छातीशी धरलं. त्यावरून वाकडं बोलायचं असेल, तर माझा भोंगा मिळणार नाही. त्याही प्रभूच्याच हाताने घडलेल्या आहेत, आपल्यासारख्या. भावाला मत द्या, कारण त्याचं म्हणणं बरोबर आहे. दुसरं कारण मला नको…"

एवढ्यात पक्षाच्या माणसाने वायर उपटली. कर्णे मुके झाले. यांनी माइककडे पाहिले, तो खाली ठेवला आणि दोन्ही हात तोंडाशी धरले.

"वायर काढलीत? बरं, असंच बोलतो!"

चौक हसला. असा हसला की मागच्या गल्लीतले लोक पळत बघायला आले. उरलेले भाषण यांनी तसेच, घसा फोडून पूर्ण केले, सगळे रस्त्याबद्दल.

दीर पडले. थोडक्यात पडले, म्हणून जास्तच लागले. मोजणीच्या आवारात ते यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुझ्या भाषणाने मतं तिला गेली, दादा."

"गेली असतील."

"एक वाक्य होतं."

"हो."

"प्रभुभोजनाला माझ्या शेजारी बसू नकोस."

हे बसले नाहीत. पुढचे कितीतरी रविवार शेवटच्या बाकावर बसायचे आणि भाकर घ्यायला उठायचेच नाहीत. भावाच्या मनात माझ्याविषयी काही असताना कसा जाऊ, म्हणायचे. दिरांच्या दारात जाऊन यायचे, दार उघडत नसे. मी मात्र जायचे, आणि रांगेत उभी राहून मागे वळून बघायचे.

मग एका रविवारी रांगेतून दीर बाहेर पडले. तरातरा मागे आले. मला वाटले, आता देवाच्या घरात भांडण.

"ऊठ," ते म्हणाले. "भाकर संपेल तिकडे."

दुकान पाडले. पाटी यांनी स्वतः उतरवली. नगरपालिकेच्या प्रत्येक सभेत मात्र हे उठून उभे राहायचे आणि सुरुवात ठरलेली असायची, "नर्सबाई, तब्येत बरी ना? आता ऐका, तुमचं कुठं चुकलं ते." त्याही ऐकायच्या. पुढच्या निवडणुकीत दीर निवडून आले, मग ते आणि नर्सबाई समोरासमोर बसून वाद घालायला लागले, आणि हे प्रेक्षकांत बसून दोघांनाही टोकायचे.

हे अंथरुणाला खिळले तेव्हा नर्सबाई रोज सुई द्यायला यायच्या. शेवटच्या सकाळी त्या पायाशी होत्या आणि दीर उशाशी. रस्त्याला आता दिवे कुठल्या बाजूने बसवायचे यावरून दोघांची जुंपली होती, पण यांना त्रास नको म्हणून अगदी हळू आवाजात. "बाई, तुम्ही जरा माझं ऐका." "ऐकतेय, तुम्ही आधी पूर्ण बोला." मी पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा नर्सबाईंनी यांचे मनगट धरले होते आणि दोघेही गप्प होते.

धाकटीला दुसरा मुलगा झाला त्या वर्षी, उन्हाळा सरताना, एका मंगळवारी हे गेले.