हे गेलेत

"साहेब, हे गेलेत," भिंतीकडे बोट करत गोदू म्हणाली.

गंधारने कॉम्प्युटरवरून मान वर केली. "कुठलं पॅनेल? वरचं की खालचं?"

"पॅनेल नाय ओ. हे."

गंधारला भिंतीत कुठेच काळा चौकोन दिसेना. अंबरनाथच्या त्या शेडमध्ये पूर्वी रंग बनायचे. आता तिथे एलईडीची पॅनेलं एकाला एक जोडून दोन मजली भिंत उभी केली होती. तिच्यावर हवा तो रस्ता लावायचा, पुढे गाडी ठेवायची, गाडीत नटी बसवायची, की झालं शूटिंग. ना ऊन, ना बघ्यांची गर्दी. आज नटीची गाडी हेंद्रेपाड्याला नदीकाठी बंद पडणार होती. रस्ता मागच्या उन्हाळ्यातच कॅमेऱ्यात भरून आणला होता. भिंत कोरड्या फडक्याने पुसायची, आणि पॅनेल बंद पडलं तर 'गेलं' म्हणून सांगायचं, हे गोदूचं काम. तेव्हा गंधारचंही काही चुकलं नव्हतं.

"सगळी चालू आहेत, मावशी," तो म्हणाला.

भिंतीवर चौकड्यांचा शर्ट घातलेला एक माणूस सायकल हातात धरून चालला होता. हँडलला भाजीची पिशवी. वळणापाशी पोचायच्या आत चित्रणाचा तुकडा संपला, पहिल्यापासून लागला, आणि तो माणूस पुन्हा निघाला.

पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन हाच माणूस वारला, तेव्हा गोदू रडली नव्हती. "रड गो, नायतर आत साचंल," म्हणून तिची जाऊ गयाबाई सांगून थकली. पण साचायला आत काही असावं लागतं. आत्ताही गोदूच्या छातीत काही हललं नाही. शर्टाला इस्त्री नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

तेवढ्यात दिग्दर्शकाची असिस्टंट राजसी आली. "गंधार, तो सायकलवाला सारखा सारखा येतोय यार. सर बोलले, उडव त्याला. रस्ता खाली पाहिजे."

"उडवतो."

"थांबा," गोदू म्हणाली. "आमचे हे हायत ते."

"हे म्हणजे कोण?" राजसीने विचारलं.

गोदूने दोघांकडे पाहिलं. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तिने कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"जनू," ती म्हणाली. "माझा नवरा."

मघाशी 'गेलेत' म्हणजे काय म्हणाली, ते गंधारला आता कळलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, पण मला काढावं लागेल त्यांना."

"काढा ना. तुमचं काम हाय. पण ते सारखे तिथूनच माघारी येतात. त्या वळणाच्या पलीकडं घर हाय आमचं. तेवढं पोचू द्या त्यांना, मग काढा."

तुकडा जिथे कापला होता, तिथून पुढचं चित्रण गंधारने जोडलं. राजसीने वॉकीटॉकीचं कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं. भिंतीवरचा माणूस वळणापाशी आला. जरा थांबला, पिशवी सारखी केली, आणि सायकलसकट वळून दिसेनासा झाला. मागे नुसता रस्ता राहिला.

गोदू थोडा वेळ बघत राहिली.

"पोचले," ती म्हणाली. "काढा आता."