टाकीतलं भूत

"निघालं! निघालं!" चेला ओरडला, आणि चढाच्या पायथ्याशी जमलेल्या गर्दीनं हात जोडले.

फुंकरमहाराजांनी बंद पडलेल्या मोटारसायकलच्या टाकीचं झाकण फिरवताच आतून 'सुस्स' असा आवाज आला होता. तेवढ्यावर चांगली शिकलीसवरलेली माणसं घाबरून मागे सरली. महाराजांनी टाकीत एक लांब फुंकर मारली, झाकणावरचा राखाडी लेप अंगठ्यानं दाबून सारखा केला आणि झाकण परत लावलं.

"मार किक," ते म्हणाले.

एका किकमध्ये गाडी सुरू झाली. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

गाडी दवाखान्याची होती. दगडधोंड्यांतून उड्या मारत जाणारी, उंच, सडपातळ मोटारसायकल. तिच्यावरून सिस्टर डोंगरापलीकडच्या खाणवस्तीवर औषधं न्यायची. महाराज गावात उतरले त्या महिन्यापासून गाडी निम्म्या चढावर दम सोडायला लागली होती.

"खरी बाधा चालवणारीला आहे," महाराज गर्दीला ऐकवत म्हणाले. "असलं वाहन बाईमाणसाला मानवत नाही. गाडी माझ्या चेल्याकडे द्या. औषधं तो पोचवेल."

दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी मान डोलावली. डॉक्टरनं!

"लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे, सिस्टर," ते हळूच म्हणाले. "उद्या सकाळी किल्ली त्याला देऊन टाका."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाणवस्तीवर एक ओली बाळंतीण तापानं फणफणत होती. तिला रोज इंजेक्शन हवं होतं आणि गाडीपायी ते आदल्या दिवशी चुकलं होतं. घरच्यांनी तिला हातगाडीवर घालून खाली महाराजांकडे आणलं. महाराजांनी तिच्या पोटावर फुंकर मारून परत पाठवलं. औषध अडलं की माणसं आपल्याकडे येतात, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं. साहेबांना ते कळत नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे.

त्या दिवशी तिनं इंजेक्शन कसंबसं पोचवलं आणि घरी येऊन कार्ब्युरेटर खोलला. या रस्त्यावरच्या सगळ्याच गाडीवाल्यांना हा रोग आहे. गाडी खोकली की दोष कार्ब्युरेटरचा. तीही महिनाभर तेच करत आली होती. जेटची बारीक भोकं फुंकून साफ केली. पेट्रोलची पातळी धरणारा फ्लोट तपासला. हवेचा स्क्रू आतबाहेर करत इंजिनाचा आवाज सर्वांत मोकळा येईल तिथे थांबवला. काल केलं होतं, परवा केलं होतं, आजही तेच केलं.

मग तिचं डोकं फिरलं. तिनं टाकीची नळी काढली, सलाईनच्या रिकाम्या बाटलीत पेट्रोल भरून ती उंच बांधली आणि तिची नळी कार्ब्युरेटरला जोडली. घरामागच्या टेकाडावर तिनं गाडी वर-खाली पिदडली. गाडीनं एकदाही आचका दिला नाही.

म्हणजे बिचारा कार्ब्युरेटर निर्दोष होता. चोर टाकीत होता.

तिनं झाकण हातात घेतलं. मधोमध सुईच्या जाडीचं भोक असतं, हवा आत जायला. ते लेपानं गच्च बुजलं होतं. नखावर घेऊन चोळलं तर लेप कसला, राख मिसळलेलं मेण!

"आई, हा लेप कोण लावतं?"

"मीच की," सासूबाई लेपाची डबी पुढे करत म्हणाल्या. "रोज सकाळी, तू निघायच्या आधी. चेल्यानं बजावलंय, अगदी भोकावर लावा, बाधा तिथूनच शिरते. तू त्या कड्यावरून जातेस, माझा जीव टांगणीला लागतो गं."

म्हातारीच्या काळजीचाच कोणी फास केला होता. यांच्यावर चिडायचं तरी कसं?

"उद्याही लावा," ती म्हणाली. "आणि माझ्याबरोबर चला."

सकाळी पायथ्याशी पुन्हा गर्दी. चेला किल्लीसाठी हात पसरून उभा.

"आधी चढून दाखवते," म्हणत सिस्टरनं गाडी चढाला घातली. सगळ्यांच्या देखत, निम्म्या चढावर गाडी गचकली. महाराज हात उंचावत निघाले, मागून गर्दी.

सिस्टरनं झाकणावर तळहात ठेवला. "थांबा. आज झाकण कोणीच उघडायचं नाही. मंत्र नको, फुंकरही नको."

तिनं औषधाच्या पेटीतून सुई काढली आणि लेपात खुपसून ओढून घेतली. त्या भोकावर लगेच कापसाचा एक लांब तंतू धरला. सुस्स! तंतूचं टोक आत खेचलं गेलं.

"भूत बाहेर पडत असेल तर कापूस बाहेर उडायला हवा," ती गर्दीकडे वळली. "आत का गेला?"

"भूत आत लपलं!" महाराज गरजले.

"लपलंय ना? मग बघा." तिनं किक मारली. गाडी सुरू झाली. गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं.

"आत हवा गेली, दुसरं काही नाही," ती म्हणाली. "वरून हवा शिरली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. पेट्रोल नाही, तर गाडी बंद. यांनी भोक बुजवायला लावलं आणि झाकण उघडून चमत्कार केला."

"अगं बाई, म्हणजे तेलाचा डबा!" सासूबाई पुढे आल्या. "एकच भोक पाडलं की तेल अडतं, हवेला दुसरं पाडावंच लागतं. जन्मभर डबे फोडले मी. आणि माझ्याच हातानं..." त्या तरातरा खाली चेल्याच्या मोटारसायकलपाशी गेल्या. तिच्याही झाकणावर लेप होता, पण गोल कडेकडेनं. मधलं भोक स्वच्छ मोकळं.

"तुझी बाधा कुठून शिरते रे, मुडद्या?"

चेला महाराजांकडे बघायला लागला आणि महाराज रस्त्याकडे. साहेब घसा खाकरत म्हणाले, "गाडी सिस्टरकडेच राहील."

सिस्टरनं गाडी गियरमध्ये टाकली. ती चढ चढून गेली.

बाळंतिणीला इंजेक्शन दिलं तेव्हा तिला अंगावरचं पोरही ओळखू येत नव्हतं. पुढे ती वाचली, पण तिचं दूध आटलं ते आटलंच. "एक दिवस चुकला नसता तर?" तिच्या आईनं सिस्टरला विचारलं.

त्याचं उत्तर पायथ्याशी हात जोडून उभ्या राहिलेल्यांनी द्यायचं आहे. सगळ्यांनी तो आवाज ऐकला होता. हवा आत जातेय की बाहेर येतेय, एवढंही कोणाला बघावंसं वाटलं नाही. पुढच्या वेळी कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी जवळ जा, हात लावून बघा, आणि विचारा: हे कसं झालं? विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो भामटा.