होडीचं ऑइल

मार्कसने ऑइलची पट्टी ओढून काढली, फडक्याला पुसली, आत खुपसली आणि पुन्हा काढून बघितली. ऑइल काळंकुट्ट असलं तरी वरच्या खुणेला टेकलेलं होतं. तरी त्याने ती आणखी एकदा पुसून आत घातली. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे तो सीट उचलून त्यात डोकं घालून बसला होता. मागच्या सीटवर त्याची बायको सेराफिना मांडीवर पर्स धरून केव्हाची तयार होती.

"आज डॉक्टरकडे मला न्यायचंय, की हिला?" ती म्हणाली.

तिची चेष्टा करायची सवय गेली नव्हती, एवढंच एक बरं होतं. बाकी तिच्या किडन्या कामातून गेल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा बोरिवलीला डायलिसिसला जावं लागत होतं. त्यात डायलिसिसची मागची खेप तापामुळे चुकलेली. चेहरा सुजला होता आणि दोन वाक्यं बोलली की धाप लागत होती.

मनोरीतली माणसं बोरिवलीला जायची म्हणजे फेरीबोटीने खाडी ओलांडून मार्वेला उतरतात आणि रिक्षा धरतात. पण सेराफिनाच्या पायांत आता बळ उरलं नव्हतं. ओहोटीला जेट्टीच्या शेवाळलेल्या उतारावरून तिला उचलूनच न्यावं लागलं असतं, आणि तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "चौघांनी उचलायचं ते मेल्यावर. जिवंतपणी नको." जन्मभर त्याच जेट्टीवरून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चढली-उतरली होती ती. मार्कसने मुकाट्याने होडी विकली आणि चारकोपच्या शाळेची मुलं वाहून वाहून म्हातारी झालेली ही व्हॅन घेतली. मग गोराई, उत्तन, भाईंदर असा भला मोठा वळसा घालून जाणं सुरू झालं.

व्हॅन निळा धूर सोडायची आणि ऑइल प्यायची. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला सुबोध मेकॅनिक तिचं बघायचा. बाजूच्या दुकानात ऑइलचे डबे आणि औषधाच्या बाटल्यांसारख्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. धूर थांबवणारी, ताकद वाढवणारी, आतून धुऊन काढणारी, आणि प्रत्येकीवर शर्यतीच्या गाडीचं चित्र. तिथला माणूस परदेशी गाड्यांचं पातळ ऑइल गळ्यात मारायला बघत होता. सुबोधने मार्कसला हाताला धरून बाहेर आणलं आणि समजावलं की जुन्या इंजिनाच्या फटी मोठ्या झालेल्या असतात, पातळ ऑइल त्यातून गळून जाईल. जाडसर, वीस-पन्नास नंबरचं ऑइल टाका, कमी झालं की वरून भरा आणि वेळेवर बदला, एवढंच.

"आणि बाटल्यांच्या नादी लागू नका, अंकल," तो म्हणाला होता. "आत एवढा मळ साचलाय ना, त्या मळावरच ही गाडी उभी आहे. तो हलवलात तर वाट लागली समजा."

हे मार्कसला पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि भीती वेगळी. गोराईच्या पुढे रस्ता सुनसान आहे, तिथे ही बाई मागे धापा टाकत असताना गाडी बंद पडली तर, या विचाराने त्याला झोप लागेनाशी झाली. भ्यालेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. त्यात तो पडला दर्यावर्दी. होडीचं मशीन थकलं की त्याचा बाप ऑइलमध्ये डिझेल ओतायचा, खाडीच्या तोंडापर्यंत फेरी मारून आतला मळ सुटा करायचा, सगळं काढून टाकायचा आणि होडीचं दाट ऑइल भरायचा. मशीन आणखी एक मोसम काढायचं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आल्यावर मार्कसने व्हॅनला तेच केलं, आणि वर धूर थांबवणारी बाटलीही रिकामी केली. सुबोधला त्यातलं काही कळवलं नाही.

होडीच्या मशीनला बाजूला झाकण असतं. ते उघडून बाप सुटलेला गाळ हाताने उपसून काढायचा. व्हॅनच्या इंजिनाला तसं झाकण नाही. हे मार्कसला माहीत नव्हतं असं नाही. त्याने ते मनावर घेतलं नाही.

धूर मात्र थांबला. सेराफिनाने कौतुक केलं तेव्हा तो पोरासारखा लाजला. पण काल बाजारात जाताना डॅशबोर्डवरचा ऑइलचा, किटलीच्या चित्राचा लाल दिवा एकदा लुकलुकला, आणि तेव्हापासून तो सारखी ऑइलची पट्टी काढून बघत होता.

आज गोराई मागे पडली आणि तो दिवा लागला तो लागलाच.

मार्कसने वेग कमी केला. पंपाच्या जाळीत गाळ अडकला, ऑइल वर चढत नाही, हे त्याला तत्क्षणी कळलं. दिवा लागला की मशीन बंद करायचं, हे त्याने आयुष्यभर सगळ्यांना शिकवलं होतं. आत्ता बंद केलं तर इंजिन कदाचित वाचलंही असतं. पण मग इथे उन्हात किती वेळ बसायचं? आरशात त्याने बघितलं. सेराफिना तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती.

थोड्याच वेळात सीटखालून टकटक ऐकू यायला लागली.

"कसला आवाज रे?" तिने विचारलं.

"खालचा पत्रा सुटलाय."

मार्कस दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हाकत राहिला आणि मनातल्या मनात मरियेचा धावा करत राहिला. टकटकीचे हळूहळू हातोडे झाले. दर वळणावर त्याला वाटे की आता संपलं. भाईंदरच्या वेशीवर, रिक्षास्टँड समोर दिसत असताना, इंजिनाने एक मोठा आचका दिला आणि ते जागच्या जागी जाम झालं. गाडी घरंगळत कडेला लागली. तिचा पुन्हा उपयोग नाही हे मार्कसला चावी न फिरवताच समजलं.

पुढे रिक्षा बदलत ती दोघं पोचली आणि नर्सने एकही प्रश्न न विचारता सेराफिनाला आत नेलं. मार्कसने बाहेरून सुबोधला फोन लावला. "इंजिनात काय टाकलं होतं?" सुबोधने विचारलं. मार्कसने खरं सांगितलं. सुबोध हळूच म्हणाला, "राहू द्या, अंकल. उद्या मी टो करून आणतो." रागावला असता तर बरं झालं असतं, असं मार्कसला वाटलं.

संध्याकाळी सेराफिनाचा श्वास पुष्कळ सुधारला आणि दोघं रिक्षाने मार्वेला आली. व्हॅन गेल्यावर घरी जायला दुसरा रस्ताच नव्हता. नेमकी ओहोटी होती. बोट खाली चिखलाजवळ लागली होती आणि मधे सगळा हिरवा, निसरडा उतार. बोटीवरच्या ॲश्टनने त्यांना बघितलं आणि कुणी न सांगता प्लास्टिकची खुर्ची आणली. आणखी दोघं पुढे आले.

मार्कसला तिच्याकडे बघवेना. "सेरा, माझ्यामुळे झालं हे," तो म्हणाला. "मीच होडीचं ऑइल घातलं गाडीत."

"माहीत आहे मला. रविवारी घरभर डिझेलचा वास येत होता." ती खुर्चीत बसली, पदर नीट केला आणि हात मांडीवर घेतले. "परवा पण यायचंय ना? मग चला. आणि तू पुढून धर, मला तुझं तोंड दिसू दे."

चौघांनी खुर्चीच्या पायांना हात घातले. जड लागेल म्हणून मार्कसने पाय घट्ट रोवले आणि श्वास रोखला. खुर्ची झटक्यात वर आली. सेराफिनाला वजन असं काही उरलंच नव्हतं.

दिवसभरात मार्कस इतका घाबरला नव्हता. तिच्या तोंडावरची नजर न काढता, उलटं एकेक पाऊल टाकत तो उतार उतरू लागला.